फलाट क्रमांक दोनवरचा ट्रॅक्टर

गाडी पारखायला नाथाला कागद लागत नसे. आवाज ऐकला की झालं. एकतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला गाडीतलं काही शिकवील असा माणूस टाकळवाडीत जन्मला नव्हता, आणि जन्मला असलाच तर तो नाथाच्याच गाडीतून कधीतरी उभ्याने प्रवास करून गप्प झाला होता. म्हणून घरात छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, तेव्हा नाथाने ओट्यावर बसून जाहीर करून टाकलं, "दोन्ही ट्रॅक्टर दारात येऊ द्या. एकेक चक्कर मारतो अन् सांगतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

त्याची बायको कुसाबाई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "ओळीच्या टोकाला वळंल असा पाहा म्हंजे झालं."

"वळणं गाडीच्या नाय, ड्रायव्हरच्या हातात राहतं."

कुसाबाईने मेथीची पुढची जुडी सोडली. नाथाला वाटलं, पटलं.

शेत तीन एकर. निम्म्यात डाळिंब, उरलेल्यात मका आणि कांदा. बैल होते तोवर अडलं नाही. बैल थकले, आणि मग शेजारच्या चंदरच्या मोठ्या ट्रॅक्टरची वाट बघायची पाळी आली. चंदर माणूस चांगला, पण त्याच्या तोंडात 'उद्या' याशिवाय शब्द नाही. आणि तो उद्या उगवलाच तर ते धूड डाळिंबाच्या दोन ओळींत शिरायचं आणि बाहेर पडताना निम्म्या फांद्या सोबत घेऊन यायचं. यंदा पाऊस बरा झाला आणि बागेत गवत गुडघ्याला लागलं. चार दिवसांची उघडीप मिळाली होती. तेवढ्यात ओळींमधली जमीन हलवली नाही, तर डाळिंब दिसायलाच गवत बाजूला सारावं लागलं असतं.

दुसरी अडचण कुसाबाईने कोणाला सांगितली नव्हती. नाथाला रिटायर होऊन चार महिने झाले होते. पहाटे साडेचारला उठून, दाढी करून, तो ओट्यावर येऊन बसायचा आणि मग दिवसभर त्याला जायला जागाच नसायची. शेतात आला की खुरपं उलटं धरायचा. घरात असला की भाजीत मीठ कमी का हे विचारायचा. वर्कशॉपच्या दारात लावून ठेवलेल्या गाडीसारखं झालं होतं त्याचं. चालू होती, पण कोणत्या रूटला काढायची ते कोणालाच माहीत नव्हतं. ट्रॅक्टरचा विषय निघाल्यापासून मात्र त्याच्या चालण्यात जरा पिकअप आला होता.

नांदगावात समोरासमोर दोन शोरूम. एकात नारिंगी मिनी ट्रॅक्टर, एकात हिरवा. ताकद जवळजवळ सारखी, किमतीतही उन्नीस-बीस. नारिंगी दिसायला रुबाबदार, मोठे दिवे, रुंद छाती. हिरवा वीतभर अरुंद आणि इतका बुटका, की नाथा पत्रक पाहून म्हणाला, "हा मोठा व्हायला अजून दोन वर्षं लागतील." दोन्ही शोरूमवाल्यांना त्याने एकाच दिवशी बोलावलं. नारिंगी नऊला, हिरवा अकराला. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक.

नऊला पाच कमी असताना नारिंगी ट्रॅक्टर दारात आला. मागे रिकामी ट्रॉली. चालवणारा अमोल पंचविशीतला, शर्टावर कंपनीचं नाव, खिशात पत्रकांचा गठ्ठा.

"काका, माती हलवायचा रोटर दुपारी येतो. तोवर ट्रॉलीवर ओढ दाखवतो. आधी बागेत घेऊ?"

"बागेतच घ्या," कुसाबाई म्हणाली.

नाथा तोवर सीटवर बसलासुद्धा होता. "शेतात कोणीबी चालवील. गाडीची परीक्षा रस्त्यावर. फाट्यापर्यंत जाऊन येतो, दहा मिनिटांत." त्याने घड्याळ पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मागून घंटी वाजण्याची वाट पाहत थोडा वेळ थांबला. ती वाजली नाही तेव्हा स्वतःच मान हलवून गाडी सोडली. अमोल मडगार्डवर कसाबसा टेकला.

फाट्यापर्यंत सगळं उत्तम झालं. इंजिनाचा आवाज गोल होता, क्लच लोण्यासारखा. नाथाचा जवळजवळ निकाल झाला होता. फाट्यावर वळायचं म्हणून त्याने वेग कमी केला, तर निंबाच्या झाडाखाली सावित्रीआक्का उभी. सत्तरीची म्हातारी, डोक्यावर शेवग्याच्या शेंगांचा भारा. तिने नाथाला पाहिलं आणि एसटीला करतात तसा हात केला.

आता इथे नाथाची बाजू समजून घ्यायला हवी. एकतीस वर्षांत हात दाखवलेला पॅसेंजर त्याने कधी मागे सोडला नव्हता. बाकीचे ड्रायव्हर गाडी भरली की समोर बघून निघून जातात, नाथा थांबायचा. त्यामुळे हात दिसताच त्याचा पाय ब्रेकवर गेला. त्याने विचार केला नाही. पायानेच केला.

"सकाळची गाडी आलीच नाय रे बाबा," म्हातारी म्हणाली. "बाजार निघून चाल्ला. नांदगाव का?"

चार महिन्यांत नाथाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"नांदगाव," तो म्हणाला. "चढा."

"काका," अमोल हळूच म्हणाला, "आपण इथून परत फिरणार होतो ना?"

"नऊ किलोमीटर हाय. लोडवर चढ कसा घेतो तेबी कळंल."

म्हातारीचं वजन चाळीस किलोही नसेल, पण नाथाने लोड म्हटल्यावर तो लोड झाला. पुढच्या वस्तीवर दोघी जावा उभ्या होत्या, वांग्यांची पाटी घेऊन. त्या सावित्रीआक्काला पाहून विचारल्याशिवायच चढल्या. त्यापुढच्या थांब्यावर पाच माणसं होती. त्यांच्यातल्या एकाने शेळी आणली होती आणि शेळीने दोन पिल्लं. शाळेपाशी एक जण सायकलसकट चढला. बाजाराचा दिवस, एसटी गायब. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हात वर होत होते आणि नाथाचा पाय खाली जात होता.

"काका, हा डेमोचा ट्रॅक्टर हाय," अमोल आता जवळजवळ रडकुंडीला आला होता. "मालकाला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"मग डेमोच दाखवू राह्यलो ना आपण. एकाला दाखवायचा तो पंधरांना दाखवू राह्यलो."

हे वाक्य अमोलच्या डोक्यात गेलं असावं, कारण थोड्या वेळाने तो मडगार्डवरून मागे ट्रॉलीत उतरला आणि खिशातली पत्रकं वाटायला लागला.

"लिटरला किती चालतो?" सायकलवाल्याने विचारलं.

"चालतो तसा नाय मोजत, दादा. तासावर मोजतात."

"शेळ्यांना चालंल का?" शेळीवाल्याने विचारलं. प्रश्न कोणालाच कळला नाही, पण अमोलने "चालंल की" म्हणून त्याचा नंबर लिहून घेतला.

चढ आला. पंधरा माणसं, तीन शेळ्या, एक सायकल आणि भाजीपाला घेऊन नारिंगी ट्रॅक्टर कुरकुर न करता वर गेला. वर पोचल्यावर ट्रॉलीतून कोणीतरी म्हणालं, "नाथानाना, तुमच्या हातात गाडी आली की पोटातलं पाणी हलत नाय." नाथाने मागे पाहिलं नाही. ड्रायव्हरने पाहायचं नसतं. पण त्याची पाठ इतकी ताठ झाली, की सावित्रीआक्काने शेजारणीला सांगितलं, पोरगं खूश हाय.

रेल्वे फाटक बंद होतं. नाथाने रांगेत ट्रॅक्टर लावला. मालगाडी लांबलचक होती. ती जात असताना मागून ओळखीचा हॉर्न ऐकू आला, आणि तो कानावर पडताच नाथाने गाडी ओळखली. सकाळची टाकळवाडी–नांदगाव. पंक्चर काढून, सव्वा तास उशिरा, पूर्ण रिकामी.

दार उघडून कंडक्टर खाली उतरला. संतोष. सात वर्षं नाथाच्याच गाडीवर होता. त्याने ट्रॉलीतली माणसं पाहिली, शेळ्या पाहिल्या, मग पुढे येऊन सीटवरच्या माणसाकडे पाहिलं.

"नाना," तो म्हणाला. "तुम्ही?"

नाथाने मालगाडीचे डबे मोजायला सुरुवात केली.

"काळी-पिवळी जीपवाले आपले पॅसेंजर पळवतात म्हणून वरच्या ऑफिसला किती तक्रारी केल्या आपण? तुम्ही सांगायचे अन् मी लिहायचो. 'सदर इसम थांब्यावर गाडी उभी करून प्रवाशांना भुलवतो.' तुमचंच वाक्य हे."

"मी भुलवलं नाय, संतोष. त्यांनी हात केला."

"तेबी हेच म्हणायचे."

नाथाने मागे वळून आवाज दिला, "उतरा सगळे. गाडी आली. एसटीत बसा."

कोणी हललं नाही. एक तर सगळे मांडी घालून नीट बसले होते. दुसरं म्हणजे शेळीला एसटीत कोण घेणार?

"बायकांना अर्धं तिकीट हाय," संतोषने आशेने सांगितलं.

"इथं तेबी नाय," सावित्रीआक्का म्हणाली आणि शेंगांचा भारा मांडीवर सरकवून घेतला.

फाटक उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले. नाथाला पुढे जाण्यावाचून इलाज राहिला नाही. पुढे पंधरा माणसांची ट्रॉली आणि तिच्यामागे एकटा संतोष घेऊन निघालेली एसटी, अशी ती वरात नांदगावात शिरली. संतोषने मागून मोबाईलवर त्याचं चित्रीकरण केलं. रिटायर झालेल्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर ते नाथा स्टँडवर पोचायच्या आत पोचलं होतं.

आणि नाथा स्टँडवरच पोचला. बाजार आधी लागतो. तिथे उतरवून तो सरळ घरी जाऊ शकला असता. पण रेल्वे फाटकावरच्या बोलण्याने त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हात सवयीने फिरत होते, आणि सवय स्टँडच्या फाटकातून आत वळली, गोल फिरली आणि फलाट क्रमांक दोनवर तोंड करून उभी राहिली. चार महिन्यांपूर्वी याच फलाटावर त्याला शाल आणि नारळ मिळाला होता.

पॅसेंजर उतरले. सावित्रीआक्काने नाथाच्या डोक्यावरून हात फिरवला. शेळीवाल्याने "परतीची कधी?" विचारलं. ट्रॉली रिकामी होते न होते तोच एक धोतरवाले आजोबा पिशवी घेऊन तिच्यात चढून बसले.

"मनमाड का?" त्यांनी विचारलं.

"नाय बाबा, हा ट्रॅक्टर हाय," अमोल म्हणाला.

"ते दिसतंय मला. मनमाडला जाईल का?"

आजोबांना उतरवेपर्यंत शेजारी फलाट तीनवर मालेगावची गाडी येऊन उभी राहिली. नाथाला आता फक्त तिथून निघायचं होतं. त्याने रिव्हर्स गियर टाकला.

एसटी मागे घेण्यात नाथाचा हात धरणारा सबंध डेपोत कोणी नव्हता. मागचं टोक उजवीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे, डावीकडे तर डावीकडे. त्याने तेच केलं. पण बस म्हणजे एक सलग लाकूड आणि ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे मधे मोडलेली काठी, हे त्याच्या एकतीस वर्षांत कधी आलंच नव्हतं. ट्रॉलीला उजवीकडे जायला सांगितलं, ती डावीकडे निघाली. नाथाने घाईने आणखी उजवीकडे पिळलं, ती आणखी डावीकडे गेली आणि मालेगावच्या गाडीच्या बरोब्बर मागे जाऊन आडवी झाली. ट्रॅक्टरचं नाक फिरून फलाटाच्या खांबाला टेकलं. मडगार्डवर कर्रकन आवाज झाला. तो आवाज अमोलच्या काळजातून आला असंही म्हणता येईल.

पुढे खांब, मागे मालेगाव. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या जोडाची पीन तिरपी होऊन अशी अडकली, की अमोलने लाथा घालूनही निघेना. मालेगावच्या गाडीला बाहेर पडता येईना, त्यामुळे येवल्याच्या गाडीला आत येता येईना, त्यामुळे फाटकाशी चार गाड्यांची रांग लागली आणि तिच्यामागे बाजारचा रस्ता बंद झाला.

भोंग्यातून आवाज आला, "फलाट क्रमांक दोनवर लागलेला ट्रॅक्टर चालकाने ताबडतोब बाहेर काढावा." मग भोंगा जरा थांबला. "नाना, तुम्ही हाय का तिथं?"

नाथाने तीन वेळा प्रयत्न केला. दर वेळी शंभर माणसांनी शंभर बाजूंना हात केले आणि ट्रॉली आणखी वाकडी झाली. मालेगावचा ड्रायव्हर पोरगेला होता, नाथाच्या हाताखाली शिकलेला. तो नुसता खिडकीतून अदबीने बघत राहिला, आणि ते नाथाला शिव्यांहून जड गेलं. शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

अमोलचा फोन वाजला. शोरूमचा मालक. व्हिडिओ तिथेही पोचला होता. अमोलचा चेहरा पांढरा पडला. तो "हो शेठ, नाय शेठ" करत असताना नाथाने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"नमस्कार. नाथा ड्रायव्हर बोलतो. चूक माझी हाय, पोराची नाय. त्यानं लय सांगितलं, मी ऐकलं नाय. मडगार्डला ओरखडा आलाय, तो मी नीट करून देतो. अन् पोराला काय बोलू नका, त्यानं येताना सात गिऱ्हाइकांचे नंबर घेतले."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण फोन परत मिळाल्यावर अमोलच्या तोंडावर थोडा रंग आला. "सात नाय काका, सहा," तो म्हणाला. "शेळीवाल्याचं नक्की नाय."

इकडे टाकळवाडीत काय झालं होतं ते नाथाला ठाऊक नव्हतं. अकराला हिरवा ट्रॅक्टर वेळेवर दारात आला होता, मागे रोटर जोडलेला. चालवत होती तेजल, शोरूमवाल्यांकडची मुलगी, सलवार-कमीजवर टोपी घातलेली. नाथा नव्हता. कुसाबाईने तिला पाणी दिलं आणि सरळ बागेत नेलं. दोन ओळी तेजलने मारून दाखवल्या. ओळीच्या टोकाला बांध होता, त्याच्या अलीकडे जेमतेम जागा. हिरवा तिथल्या तिथे वळला, एक फांदी हलली नाही. मग तेजल उतरली आणि म्हणाली, "मावशी, बसा." कुसाबाईने पदर खोचला आणि बसली. तिसरी ओळ जरा वाकडी गेली. चौथी सरळ. पाचव्या ओळीच्या मध्यात असताना चंदरचा बाजारातून फोन आला.

"वहिनी, नाथाभाऊनं स्टँड बंद पाडला."

"बंद पाडला म्हंजे?"

"म्हंजे गाड्या बंद हाय. तुम्ही या. उद्यापर्यंत थांबू नका." चंदरच्या तोंडून असं वाक्य आलं म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

रोटर बागेतच उतरवून दोघी निघाल्या. स्टँडवर गर्दी बाजूला सारत हिरवा ट्रॅक्टर आत आला, तेव्हा नाथाने आधी ट्रॅक्टर ओळखला आणि मग मडगार्डवर बसलेली बायको. तिच्या पायांना बागेची माती होती. तिने सगळं एकदा नीट पाहून घेतलं, जशी ती बांधावरून पीक बघायची.

"तेजल, त्या उसाच्या रसवाल्याच्या अन् बसच्या मधून जाईल का तुझा?"

"जाईल मावशी."

त्या फटीतून मोटारसायकल काढायलाही माणूस दोनदा विचार करील. हिरवा गेला. रसवाल्याने फक्त आपला टेबलावरचा ग्लास उचलून धरला. मागे जाऊन तेजलने ट्रॉलीच्या शेपटाला साखळी अडकवली.

कुसाबाई नाथाच्या सीटशी आली. हळू आवाजात, म्हणजे फक्त पहिल्या तीन रांगांनाच ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "शेपूट उजवीकडं न्यायची असंल तं तोंड डावीकडं करायचं. बैलगाडी कशी मागं घेत होतो आपण? बैलं उलट्या अंगाला दाबायची."

"आपण नाय," नाथा म्हणाला. "तू घेत होती."

"मग आता मी सांगते तसं करा. मागं बघू नका. माझ्या हाताकडं बघा."

तिने हात डावीकडे केला, नाथाने स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. त्याच्या अंगातला कणन् कण नाही म्हणत होता. तेजलने साखळी ताणली. ट्रॉली कुरकुरली, जागची हलली आणि सगळ्यांच्या देखत उजवीकडे सरळ होत गेली. पीन खट्कन मोकळी झाली. कुसाबाईने हात वर केला, नाथाने ब्रेक मारला. पाच मिनिटांत मालेगावची गाडी निघाली, येवल्याची आत आली, आणि भोंग्याने प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. नाथाला वाटलं, ती त्याच्याच वतीने होती. संतोषने दोघांना रस पाजला. तो एवढंच म्हणाला, "नाना, आजची तक्रार नाय लिहीत." पण ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकायला त्याने नकार दिला, कारण तोवर तो व्हिडिओ नाशिक, धुळे आणि जळगाव विभागांत गेला होता.

अमोल नारिंगी घेऊन शोरूमकडे वळला, आणि घरी येताना नाथा हिरव्याच्या उरलेल्या मडगार्डवर बसला. दोन मडगार्डांवर दोघं, मधे तेजल. रस्त्यात कोणी हात केलाच, तर तो आपले पाय बघायचा.

संध्याकाळी जेवताना त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मी विचार केला," तो म्हणाला. "रस्त्याला नारिंगीच चांगला. ते मी आजबी म्हणंन. पण आपल्याला काम बागेत हाय. तं मला वाटतं, हिरवा घ्यावा."

"घेतला," कुसाबाई म्हणाली.

"कधी?"

"साडेअकराला. विसार दिला तेजलला."

"म्हंजे स्टँडवर यायच्या आधी? मला न विचारता?"

"विचारणार होते. तुम्ही रूटवर होता."

नाथाने भाकरी खाल्ली. विहीर खणली तेव्हाही तो रूटवर होता, डाळिंब लावलं तेव्हाही, आणि त्यांच्या मुलीचं, निकिताचं, स्थळ पक्कं झालं ते त्याला नांदगावच्या स्टँडवर कंडक्टरकडून कळलं होतं. तक्रारीला जागा होती, पण कोणाविरुद्ध करायची ते सुचेना.

जेवण झाल्यावर कुसाबाईने फडताळातून एक कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. तेजलने भरलेला फॉर्म होता. गाडी घेतली की शोरूमवाले एका माणसाला दोन दिवस चालवायला शिकवतात, त्याचा. मालकाच्या नावापुढे कुसाबाईचं नाव होतं आणि तिची वळणदार सही. त्याखाली 'प्रशिक्षणार्थी' लिहिलं होतं आणि पुढे नाथाचं नाव.

"मला शिकवणार? ती पोरगी?"

"मला तं आजच आलं. तुमचं राह्यलं."

नाथाने चष्मा लावला आणि पुढची ओळ वाचली. 'वाहन चालवण्याचा पूर्वानुभव' असा रकाना होता. त्यात तेजलने, कुसाबाईने सांगितल्याप्रमाणे, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: रस्त्यावर आहे. शेतात नाही.

त्याने ते दोनदा वाचलं. खोडून काढण्यासारखं काही सापडेना. एकेक शब्द खरा होता.

"सही कुठं करू?" त्याने विचारलं.

"खाली. उद्या सातला बागेत यायचं हाय, लिहिलंय बघा."

नाथाने सही केली. खाली तारीख टाकली, वेळ टाकली, आणि पहाटे साडेचारचा गजर लावायला उठला. बाग घरापासून दोनशे पावलांवर होती.